ऑनलाइन मूल्यमापन: विद्यापीठात शिकवताना पद्धत कशी निवडता?

शततारका

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. वर्गात १२० विद्यार्थी आहेत. पुढचं सेमिस्टर पूर्ण ऑनलाइन आहे आणि मूल्यमापनाचा आराखडा तीन आठवड्यांत द्यायचा आहे.

गेल्या वेळी ६० मिनिटांची बहुपर्यायी परीक्षा घेतली. २० प्रश्न, वर कॅमेऱ्याची देखरेख. गुण भरघोस पडले. महिन्याभराने त्याच मुलांना एक साधा डेटासेट दिला आणि 'यातून काय दिसतं ते एका परिच्छेदात लिहा' म्हटलं. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सगळ्यांनी काढली होती, तिचा अर्थ मोजक्या पाच-सहा जणांना सांगता आला. त्याच परीक्षेत एका मुलीला सॉफ्टवेअरने 'संशयास्पद' ठरवलं होतं, कारण ती सारखी खाली बघत होती. ती कागदावर आकडेमोड करत होती. तिच्याकडून लेखी खुलासा घ्यावा लागला. ते अजून मनातून जात नाही.

यंदा हे पुन्हा करायचं नाही, एवढं ठरलंय. माझ्यासमोर पर्याय आहेत ते असे: बहुपर्यायी चाचणी, ओपन बुक, प्रकल्प, तोंडी परीक्षा, मुलांनी एकमेकांचं काम तपासणं. यातलं काय घ्यावं आणि कशाच्या आधारावर? ज्यांनी प्रत्यक्ष राबवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

विषुववृत्त

शततारका, पर्यायांची यादी थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी कोऱ्या कागदावर लिहा की सेमिस्टर संपल्यावर मुलांना काय करता आलं पाहिजे. 'समजलं पाहिजे', 'माहीत पाहिजे' ही क्रियापदं टाळा, कारण समजलेलं डोळ्यांना दिसत नाही. काढता येणं, निवडता येणं, समजावून सांगता येणं, दुसऱ्याची चूक दाखवता येणं, हे दिसतं. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडलेलं सूत्र हेच आहे: निष्पत्ती (शेवटी काय करता यावं ते), शिकवणं आणि परीक्षा या तिन्हींचं तोंड एकाच दिशेला हवं. तुमच्या बाबतीत शिकवण्याचं तोंड 'अर्थ लावणे' या दिशेला होतं, परीक्षेचं 'उत्तर ओळखणे' या दिशेला. मुलं परीक्षेच्या मागे गेली. ती नेहमीच जातात, त्यांचा दोष नाही.

मी गणित शिकवतो. आमच्याकडे आकडेमोडीसाठी मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या प्रणालीतलं 'स्टॅक' वापरतो. ते मॅक्सिमा या संगणकीय बीजगणिताच्या प्रणालीवर चालतं. विद्यार्थी पर्याय निवडत नाही, स्वतःची राशी टाइप करतो आणि ती उत्तराशी बैजिकदृष्ट्या समान आहे का हे प्रणाली तपासते. प्रत्येकाला वेगळे आकडे जातात. नेहमीच्या चुका आधी ओळखून ठेवल्या तर त्या चुकीसाठी नेमका अभिप्रायही लगेच मिळतो. प्रश्न घडवायला वेळ लागतो, एक चांगला प्रश्न कधीकधी अख्खी संध्याकाळ घेतो. पण तो पुढे कित्येक वर्षं चालतो. सरावासाठी याच्या तोडीचं मला काही सापडलेलं नाही.

शततारका

विषुववृत्त, काल रात्री कागद घेऊन बसले. निष्पत्ती चारच निघाल्या: योग्य संख्याशास्त्रीय कसोटी निवडणे, ती करणे, निष्कर्ष साध्या भाषेत मांडणे, आणि दुसऱ्याने काढलेल्या निष्कर्षातली फट शोधणे. माझी जुनी परीक्षा फक्त दुसरीला स्पर्श करत होती.

मग जुन्या परीक्षेचा हिशोबही केला. चार पर्यायांचे २० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८ बरोबर. काहीच न वाचता नुसत्या अंदाजाने ८ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे १० टक्के निघते. म्हणजे पूर्ण वर्ग डोळे मिटून बसला असता तरी बाराएक मुलं पास झाली असती. तेच ४० प्रश्न आणि १६ची रेषा ठेवली तर ही शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास येते. हा हिशोब मी दरवर्षी वर्गात उदाहरण म्हणून करवून घेते, स्वतःच्या प्रश्नपत्रिकेवर आजवर केला नव्हता.

टिपकागद

मी शिकवत नाही, परीक्षा प्रणाली सांभाळतो. त्यामुळे फक्त बहुपर्यायी भागाबद्दल लिहितो, कारण चाचणी पूर्ण टाकून द्यावी असं मला वाटत नाही.

प्रश्नपेढी मोठी हवी. पेढीत ६० प्रश्न आणि प्रत्येकाला त्यातले यादृच्छिक २० दिले, तर कोणत्याही दोघांत सरासरी साडेसहा-सात प्रश्न सामाईक येतात. पेढी ३०ची असेल तर तेरा-चौदा. मात्र उचल प्रकरणवार आणि काठिण्यानुसार करा, नाहीतर एकाला सगळे सोपे जातात आणि तो अन्याय कुणाच्या लक्षातही येत नाही.

चार पर्यायांचा हट्ट सोडा. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ८० वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता, त्यात तीन पर्याय पुरेसे ठरले. चौथा पर्याय बहुधा भरीचा असतो, कुणी निवडतच नाही. तो लिहिण्यात जाणारा वेळ आणखी प्रश्न लिहायला द्या. प्रश्नांची संख्या वाढवल्याने काय होतं ते तुमच्या वरच्या हिशोबातच आहे. उणे गुणांबद्दल: चार पर्यायांना एक तृतीयांश गुण वजा केला की अंदाजाचा फायदा सरासरीने शून्य होतो, हे खरं. पण मग घाबरणारी मुलं येत असलेली उत्तरंही कोरी सोडतात. तुम्ही संख्याशास्त्र मोजायला निघता आणि त्यात धाडसही मोजलं जातं.

आणि परीक्षा झाल्यावर प्रश्नांचं विश्लेषण बघाच. मूडल ते आपोआप देतं. एखादा प्रश्न एकूण गुणांत वरच्या मुलांनी चुकवलाय आणि खालच्यांनी बरोबर सोडवलाय, असं दिसलं की आधी उत्तरसूची तपासा. माझ्या अनुभवात बऱ्याचदा चूक तिथेच सापडते. अशा वेळी सगळ्यांचं गुणांकन पुन्हा करणं दोन मिनिटांचं काम आहे, पण ते कुणी सांगितलंच नाही तर होत नाही.

जुनेपान

धागा आस्थेने वाचतो आहे. तीस वर्षं शिकवलं, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. पदवी हा समाजाला दिलेला शब्द असतो. या माणसाला हे येतं, असं आपण सही करून सांगतो. घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून, शेजारी कोण आहे हे न कळता दिलेल्या परीक्षेवर मी तशी सही करू शकत नाही. कॅमेऱ्याची देखरेख वाईट आहे, हे शततारकांच्या विद्यार्थिनीच्या प्रसंगावरून पटलं. पण देखरेखच नको, असं त्यातून निघतं का?

कातरवेळ

जुनेपान सर, तुमचा प्रश्न टाळता येणारा नाही. मी साहित्य शिकवते, आमच्याकडे तर सगळा डोलारा घरी लिहून आणलेल्या निबंधावर उभा होता. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि पुढच्याच सेमिस्टरला माझ्यापुढे एकसारख्या गुळगुळीत निबंधांचा ढीग होता.

सुरुवातीला मीही ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे धावले. मग वाचत गेले. ओपनएआयने स्वतःचं ओळखसाधन जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, कारण त्याची अचूकता कमी होती. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी दिले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांना सरासरीने निम्म्याहून जास्त वेळा 'यंत्राने लिहिलेलं' असा शिक्का बसला. परक्या भाषेत लिहिणारा माणूस सोपे, सरावाचे शब्द वापरतो, आणि नेमकं तेच या साधनांना यंत्रासारखं वाटतं. हे वाचल्यावर अशा साधनाच्या आकड्यावरून कुणाला जाब विचारायचा नाही, असं मी ठरवलं. शततारकांची खाली बघणारी मुलगी आणि साधं लिहिणारा हा विद्यार्थी, दोघांवर एकाच प्रकारचा अन्याय होतो.

मग केलं काय? निबंध ठेवला, पण त्याचं वजन ६० टक्क्यांवरून २० वर आणलं. दोन आठवडे आधी कच्चा खर्डा मागवते. शेवटी प्रत्येकाशी व्हिडिओवर आठ मिनिटं बोलते, त्याच्याच निबंधावर. 'हा परिच्छेद इथे का आला?' 'या कवितेचं दुसरं वाचन तुम्ही का नाकारलंत?' ज्याने विचार केलाय तो अडखळत का होईना, बोलतो. ज्याने केलेला नाही त्यालाही ते तिथेच कळतं, मला आरोप करावा लागत नाही. देखरेख हवीच, सर, पण ती माणसाने माणसाशी बोलून करावी.

रानजाई

कातरवेळ यांना पूर्ण अनुमोदन. मी परिचर्या शिकवते. आमच्या क्षेत्रात जॉर्ज मिलर यांचा १९९० मधला पिरॅमिड सगळ्यांना पाठ असतो: तळाला 'माहीत आहे', वर 'कसं करायचं माहीत आहे', त्यावर 'करून दाखवतो', टोकाला 'प्रत्यक्ष कामात करतो'. बहुपर्यायी चाचणी खालच्या दोन पायऱ्यांवर उत्तम काम करते. तिसरीसाठी आम्ही ऑस्की घेतो, १९७५ पासून चालत आलेली पद्धत: एकामागून एक टेबलं, प्रत्येक ठिकाणी ठरलेली मिनिटं, ठरलेलं काम, ठरलेली निकषयादी.

ऑनलाइन आल्यावर काही टेबलं चांगली जमली. रुग्णाची माहिती विचारणं, नातेवाइकांना समजावणं, औषधाची मात्रा काढणं ही कामं व्हिडिओवर नीट होतात. शीर शोधणं नाही होत. आम्ही ते स्पष्ट लिहिलं आणि तेवढा भाग प्रत्यक्ष प्रयोगशाळेसाठी राखून ठेवला. एखादी गोष्ट ऑनलाइन तपासता येत नसेल तर तिच्या जागी सोपी गोष्ट तपासून तोच गुण देऊ नका, एवढंच कळकळीने सांगते. आमच्याकडे त्याचा त्रास पुढे रुग्णाला होतो.

जुनेपान

कातरवेळ, रानजाई, पटलं. आठ मिनिटांच्या बोलण्यावर मी सही करू शकेन. पण १२० मुलं आहेत, त्याचं काय? आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाची आवडनिवड शिरते, हे मी स्वतः पाहिलंय. आत्मविश्वासाने बोलणारा मुलगा जास्त गुण नेतो.

शततारका

सर, वेळेचा हिशोब असा. आठ मिनिटांनी १२० म्हणजे १६ तास, मध्ये विश्रांती धरली तर २०. दीर्घोत्तरी पेपर तपासायला मला एकाला पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे ३० तास. तोंडी परीक्षा स्वस्तच पडते. फक्त ती लेखीच्या जागी यायला हवी, लेखीच्या वर नाही. माझ्या पहिल्या आराखड्यात सगळंच वर वर चढवलेलं होतं.

आवडनिवडीचं मात्र मला नीट उत्तर सापडलेलं नाही.

रानजाई

निकषतक्ता आधी, मुलं नंतर. 'उत्तम, मध्यम, कमी' एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक पायरीला काय ऐकू आलं पाहिजे ते लिहा. उदा. वरच्या पायरीला 'कसोटीची गृहीतकं स्वतःहून सांगितली आणि आपल्या डेटात ती तपासली', मधल्या पायरीला 'विचारल्यावर सांगितली'. 'आत्मविश्वास' हा रकानाच नको. पहिल्या दहा मुलांना दोघांनी स्वतंत्र गुण द्या, मग समोरासमोर बसून फरक का पडला ते बोला. पहिल्या दिवशी आमच्यात बरेच मतभेद झाले आणि ते सगळे निकषांच्या शब्दांवरून होते. शब्द सुधारले, भांडण मिटलं. आणि बोलणं ध्वनिमुद्रित करा, मुलांची परवानगी घेऊन. फेरतपासणी मागितली तर हातात काही असावं.

पाऊलवाट

मी विद्यार्थी आहे, तिसऱ्या वर्षाला. इथे सगळे शिक्षक दिसतात, तरी लिहितो.

'सतत मूल्यमापन' आलं तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं, एकाच परीक्षेचा ताण नको म्हणून. पण प्रत्येक विषयाची दर आठवड्याला एक छोटी चाचणी म्हणजे पाच विषयांच्या पाच. सगळ्यांची मुदत रविवारी रात्री बारा. शिक्षकांना आपली १० टक्क्यांची चाचणी लहान वाटते, आमच्यासाठी रविवार उरत नाही. कृपया आराखडा देण्याआधी त्याच वर्गाच्या दुसऱ्या शिक्षकांचं वेळापत्रक बघा.

दुसरं, अभिप्राय. माझ्या एका प्रकल्पावरचा शेरा मला निकालानंतर दोन महिन्यांनी मिळाला. चांगला शेरा होता, मनापासून लिहिलेला. पण तोवर मी तीच चूक आणखी दोन ठिकाणी केली होती.

तिसरं, घरी एकच लॅपटॉप आणि दोघं भावंडं परीक्षेला बसलेली असतात. ठरलेल्या ४५ मिनिटांऐवजी '२४ तासांत कधीही सुरू करा, सुरू केल्यावर ९० मिनिटं' असं एका मॅडमनी ठेवलं होतं. तो एकच पेपर मी शांतपणे दिला.

टिपकागद

पाऊलवाट, बरं झालं लिहिलंत. तिसरा मुद्दा सेटिंगमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. तसंच, ज्यांना दृष्टीमुळे, वाचनाच्या अडचणीमुळे किंवा आजारामुळे जास्त वेळ मंजूर आहे, त्यांच्यापुरती वेळ वेगळी लावता येते. ते परीक्षेच्या सकाळी नको, सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात लावून टाका. आलेखांना वर्णन लिहा, स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला 'आकृती १' एवढंच ऐकू येतं. आणि खऱ्या परीक्षेआधी शून्य गुणांची एक चाचणी घ्या, फक्त लॉगिन, टायपिंग, फाइल चढवणं याची. जी गोष्ट मोजायची नाही तिच्यावर कुणाचे गुण जाऊ नयेत.

खोली कॅमेऱ्याने फिरवून दाखवा म्हणणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या एका फेडरल न्यायालयाने, सरकारी विद्यापीठाने घेतलेली अशी खोली-झडती घटनाबाह्य ठरवली. विद्यार्थ्याची झोपायची खोली ही परीक्षा हॉल नाही, हे कायद्याआधी आपल्याला वाटायला हवं होतं.

कातरवेळ

पाऊलवाटच्या दुसऱ्या मुद्द्यावर. रूथ बटलर यांचा १९८८ मधला प्रयोग शाळकरी मुलांवरचा आहे, पण मला तो विद्यापीठातही खरा वाटतो. काहींना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा झाली ती फक्त शेरा मिळालेल्यांची. गुण दिसला की शेरा वाचला जात नाही. म्हणून मी खर्ड्यावर शेरा देते आणि गुण आठवड्याने उघडते. १२० जणांना वेगळा शेरा जमत नसेल, तर वर्गात वारंवार दिसणाऱ्या पाच चुकांवर दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा. तीन दिवसांत दिलेलं ते ध्वनिमुद्रण दोन महिन्यांनी दिलेल्या सुंदर शेऱ्यापेक्षा कामाचं.

विषुववृत्त

आणि लहान चाचण्यांना केवळ ओझं समजू नये म्हणून एक भर. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के होतं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२. म्हणजे चाचणी हे शिकण्याचंच साधन आहे. म्हणून तर ती कितीही वेळा देऊ द्यावी, आणि गुण नाममात्र ठेवावेत. गुण वाढवले की मुलं आठवायचं सोडून शोधायला लागतात.

शततारका

सगळ्यांचे मनापासून आभार. पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावलाय.

आराखडा असा झालाय. सहा छोट्या चाचण्या, पंधरवड्याला एक, कितीही वेळा देता येतील, मिळून १५ गुण. या शिकण्यासाठी आहेत. यांत कुणी पुस्तक उघडलं तर उघडू दे. मुदत बुधवारी, बाकीच्या चार शिक्षकांशी बोलून ठरवली.

३५ गुणांचं विश्लेषण. प्रत्येकाला एकाच मोठ्या डेटासेटमधला स्वतःचा २०० नोंदींचा नमुना मिळेल, त्यामुळे प्रत्येकाचे आकडे वेगळे येतील. खर्ड्यावर फक्त शेरा. एआय वापरलं तर कुठे आणि कशासाठी ते लिहायचं, लपवायची गरज नाही. १० गुण दुसऱ्याच्या अहवालातली फट शोधण्याचे. एकमेकांना गुण देणं मी काढून टाकलं. मैत्री आणि हिशोब त्यात येतात. पण टीका लिहिणं ठेवलंय, आणि त्या टीकेला गुण मी देणार.

४० गुणांची तोंडी, आठ मिनिटं, स्वतःच्याच अहवालावर. सही करायची झाली तर तिच्यावर, जुनेपान सर. कॅमेऱ्याची देखरेख कुठेच नाही.

तोंडीचे तीन प्रश्न लिहिलेत. पहिला: 'तुमच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलची (खरी किंमत ज्यात असावी असा डेटावरून काढलेला पट्टा) रुंदी निम्मी करायची तर साधारण किती नोंदी लागतील?' दुसरा: 'तुमची पी-व्हॅल्यू, संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसाला सांगा.' तिसरा: 'ही कसोटी का निवडली, दुसरी का नाही?' पाऊलवाट, विद्यार्थी म्हणून वाचून सांगाल?

पाऊलवाट

प्रश्न आवडले. एकच सांगतो. पहिल्याच प्रश्नात २००ची चौपट म्हणजे ८०० हे मला येतं, पण कॉल जोडल्या जोडल्या समोर तुम्ही आणि अजून एक सर दिसले तर मी गप्प होईन. तिसरा प्रश्न पहिला घ्या. कसोटी मीच निवडलेली असते, त्यावर मला बोलता येईल. आणि बोलताना आमचा अहवाल आमच्या समोर उघडा असला तर चालेल का?

शततारका

चालेल. मीच तो स्क्रीनवर उघडून ठेवेन. तिसरा प्रश्न पहिला केला.

जुनेपान

शततारका, पहिल्या दहा मुलांना स्वतंत्र गुण द्यायला दुसरा परीक्षक लागेल. ऑनलाइन असल्याने मलाही बसता येईल. निकषतक्ता पाठवा, आधी तो वाचून घेतो.